अकरा एक्केचाळीस

मासिकात वाचलंत ते खरं आहे:
कंपनी विकली तेव्हा झावेन सत्तावीस वर्षांचा होता.
फक्त ते गॅरेज कुणीतरी पदरचं घातलंय.
ग्युमरीत आमच्याकडे गॅरेज कुठलं?
भूकंपानंतर तात्पुरते म्हणून दिलेले लोखंडी डबे होते,
त्यातल्या एकात तो वाढला.
तात्पुरत्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मी त्याचा भागीदार. होतो.

येरेवानच्या एका बँकेने भंगारात काढलेला सर्व्हर
आम्ही बसच्या टपावरून आणला,
रजईत गुंडाळून, आजारी माणसासारखा.
नव्वार्दकाकू म्हणाली, हे धूड रात्रभर घोंघावणार,
काही देणार आहे का घराला?
ऊब दिली त्याने.
बाहेर उणे पंचवीस, आणि काकू
पिठाचं पातेलं त्याच्या पाठीला टेकवून झोपायची.
सकाळी पीठ काठोकाठ.
आमची पहिली कमाई ती.

वेबसाइट म्हणजे एकच पान.
रशियात बांधकामावर गेलेल्यांची बस कुठवर आली,
आणि तिच्यात कोण कोण आहे.
ड्रायव्हर सीमेवरून फोन करायचा,
मी नावं उतरवून घ्यायचो, झावेन चढवायचा.
पोस्टातल्या एकुलत्या कॉम्प्युटरपुढे बायकांची रांग.
नाव दिसलं तर कुणी ओरडायची नाही;
मागचीला जागा करून द्यायची
आणि मटणाच्या दुकानाकडे वळायची.
नाव नसलेली म्हणायची,
पान पुन्हा उघड ना बाळा.

पासवर्ड सगळ्याला एकच.
गुर्गेन, आणि पुढे एक एक चार एक.
गुर्गेन त्याचा थोरला.
त्या दिवशी झावेनला ताप, म्हणून अंगणात उन्हाला बसवलेला,
आणि गुर्गेन शाळेत, तिसऱ्या मजल्यावर.
घड्याळं अजून तिथेच थांबलीत काही घरांत.
आम्ही यावर कधी बोललो नाही.
दिवसातून तीसदा टाइप केलं.

मग येरेवान, मग चाळीस माणसं, काचेच्या भिंती,
माणसांना 'युजर' म्हणायची सवय.
मी तत्त्वासाठी बाहेर पडलो, असं सांगतो सगळ्यांना.
भांडण खुर्चीवरून झालं होतं.
खिडकीजवळच्या.
सहा महिन्यांनी सौदा झाला;
माझे किती बुडाले ते बायको अजून बोटांवर मोजते
आणि शेवटी माझी बोटं उसनी मागते.

स्टॉकहोमहून तिघं आले होते, चांगली पोरं.
सगळं तपासलं, मोजलं, टिपून घेतलं.
स्क्रीनवर लाल पट्टी आली:
पासवर्ड कमकुवत आहे.
एकजण हसून म्हणाली, हा तर शाळकरी मूलही ओळखेल.
झावेनही हसला म्हणे.
नवा काय ठेवलास, मी विचारलं.
आठवत नाही, म्हणाला. मशीननेच सुचवला होता.

बसचं पान त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केलं.

काल आला होता. गाडी लांब ठेवून, चालत.
कानशिलं पांढरी झालीत त्याची, माझ्या आधी.
काकूंना आता फ्लॅट मिळालाय, तिसऱ्या मजल्यावर;
ती तिथे झोपत नाही नीट.
बाल्कनीत जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांखाली
तोच सर्व्हर.
बरण्या उतरवल्या, पुसला, वायर लावली.
बराच वेळ काही नाही, मग खोकला काढल्यासारखं
काहीतरी फिरू लागलं आत.
काळ्या पडद्यावर उभी रेघ
लुकलुकत होती, शब्द मागत.

त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.
मी त्याच्याकडे.

स्वयंपाकघरातून काकूने विचारलं,
तापलं का रे?